मदत हवी आहे : पोखऱ्याचा विमानतळ, चिनी कर्ज आणि नेपाळी माणसाचं मत

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात मला 'चीन आणि आपले शेजारी' यावर बोलायचं आहे. चिनी कर्जातून झालेलं श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर सगळ्यांचं पाठ झालंय, म्हणून मुद्दाम नेपाळमधलं पोखरा घेतलं. श्रोते बहुतेक निवृत्त मंडळी, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. 'चीनने नेपाळला गिळलं' हे उत्तर ती घरूनच घेऊन येणार. मला ते तेवढ्यावर सोडायचं नाहीये.

जमवलेलं थोडक्यात सांगतो. चीनच्या एक्झिम बँकेचं साधारण २१.६ कोटी डॉलरचं कर्ज. त्यातला चौथा हिस्सा बिनव्याजी, उरलेल्यावर २ टक्के, मुदत २० वर्षं. म्हणजे सावकारी व्याज म्हणावं असं काही नाही. बांधकाम सीएएमसी या चिनी कंपनीचं. १ जानेवारी २०२३ ला पंतप्रधान प्रचंड यांनी उद्घाटन केलं, आणि त्याच सुमारास चिनी दूतावासाने 'हा आमच्या बेल्ट अँड रोडचा (देशोदेशी रस्ते, बंदरं, विमानतळ उभारायच्या चिनी योजनेचा) प्रकल्प' असं जाहीर करून टाकलं. नेपाळ सरकारने हात झटकले. कर्जाचा करार २०१६ चा, बेल्ट अँड रोडवर नेपाळची सही २०१७ ची. लग्नाआधीच बारशाचे पेढे वाटावेत तसा प्रकार.

आता गंमत बघा. तिथे पहिलं आंतरराष्ट्रीय विमान उतरलं ते जून २०२३ मध्ये, सिचुआन एअरलाइन्सचं. त्यातून कोण आलं? फेवा तलावावरच्या ड्रॅगन बोट शर्यतीचे खेळाडू! नियमित आंतरराष्ट्रीय सेवा सुरू व्हायला मार्च २०२५ उजाडलं, तीही ल्हासाहून. नाव हिमालया एअरलाइन्स, भांडवलात तिबेट एअरलाइन्सची भागीदारी.

इथवर श्रोते माना डोलावतील. माझी अडचण पुढे आहे. लुंबिनीजवळच्या भैरहवाचा गौतम बुद्ध विमानतळ २०२२ मध्ये सुरू झाला. त्याला पैसा मुख्यतः आशियाई विकास बँकेचा, ठेकेदार तेवढा चिनी. तोही आंतरराष्ट्रीय विमानांची वाट बघत बसलाय. नेपाळचं म्हणणं असं की पश्चिमेकडून येणाऱ्या विमानांसाठी भारत जादा हवाई मार्ग देत नाही, नेपाळच्या दक्षिण सीमेजवळच्या सिमरावरूनच फिरून यावं लागतं. भैरहवाच्या उद्घाटनाच्या दिवशीच आपले पंतप्रधान लुंबिनीत होते, पण ते हेलिकॉप्टरने थेट लुंबिनीत उतरले. नेपाळी लोकांच्या नजरेतून हे सुटलं नसणार.

तर मला पडलेले प्रश्न :

विमानतळ ओस पडण्यात कर्जाचा वाटा किती आणि हवाई मार्गांचा किती, हे कुणी नीट मांडलंय का? आणि दुसरं, मला जास्त छळणारं : चीनचा तिथल्या लोकांवरचा प्रभाव मोजायचा कसा? शाळांतून चिनी भाषेचे शिक्षक येतात, त्यांचा पगार चीन भरतो. शिष्यवृत्त्या आहेत. पण म्हणून पोखऱ्याच्या हॉटेलवाल्याला चीन आवडतो का? पोखऱ्यावरून मुक्तिनाथला जाऊन आलेल्यांपैकी कुणी तिथल्या लोकांशी यावर बोललंय का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद : सह्याद्रीवासी

चांगला विषय. एक सावधगिरी. '२०१५ च्या भारत-नेपाळ सीमेवरच्या नाकेबंदीमुळे नेपाळ चीनकडे वळला आणि त्यातून पोखरा झालं' असं भाषणात बोलू नका, मोह होईल. सीएएमसीशी बांधकामाचा करार २०१४ चाच आहे, सुशील कोइराला पंतप्रधान असताना. कर्जावर सही मात्र मार्च २०१६ ला, तेव्हाचे पंतप्रधान ओली यांच्या बीजिंग दौऱ्यात, नाकेबंदीची जखम ओली असताना. हे दोन वेगळे धागे आहेत. शिवाय नेपाळी संसदेच्या उपसमितीचा २०२५ चा अहवाल वाचाच. १४ अब्ज नेपाळी रुपयांच्या गैरव्यवहाराचा आरोप आहे, आणि रोख नेपाळच्याच अधिकाऱ्यांवरही. 'चीनचा कर्जाचा सापळा' म्हटलं की ही घरची मंडळी अलगद सुटतात.

प्रतिसाद : पायी_प्रवासी

आम्ही गोरखपूर-सुनौलीमार्गे बसने गेलो होतो, आपल्याकडचे बरेच यात्रेकरू तसेच जातात. पोखऱ्यात ज्यांच्याकडे उतरलो त्या दाजूंना (नेपाळीत दाजू म्हणजे दादा) मी हेच विचारलं. ते म्हणाले, "चीनचे लोक आले तर खोल्या भरतील, भारताचे आले तरी भरतील. विमान येऊ दे." नाकेबंदीतल्या गॅस सिलिंडरच्या रांगांबद्दल मात्र न विचारता बोलले, बराच वेळ. मुलगी चिनी शिकते. धाकटा बंगळुरूला नोकरीला आहे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. सह्याद्रीवासी, २०१४ चा मुद्दा टाचणात घेतला. पायी_प्रवासी, तुमच्या दाजूंचं वाक्य नाव न घेता वापरलं तर चालेल ना? अजून एक राहिलंच : ज्या जलविद्युत प्रकल्पात चिनी पैसा किंवा ठेकेदार आहे त्याची वीज भारत घेत नाही. यामुळे नेपाळमधल्या चिनी ठेक्यांवर नेमका काय परिणाम झाला, यावर कुणाकडे वाचण्यासारखं काही असेल तर द्या. नेपाळी भाषेतलं असलं तरी चालेल, देवनागरी आहे, रेटून वाचतो.