मदत हवी आहे: पीटीएंना स्पेशालिटीचं ट्रेनिंग (जरा अर्जंट)

घाईतली_घार
अमेरिकेत पीटी असलेलं कोणी आहे का इथे? आमच्या क्लिनिकमध्ये तीन पीटीए आहेत. त्यांना स्पेशालिटीत तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सहा आठवडे दिलेत, त्यातला एक संपलाही. चांगला कोर्स सुचवा. 'एपीटीए संघटनेची साइट बघा' हे उत्तर कृपया नको, बघून झालीये.

कोरा_कागद
पीटीए म्हणजे शाळेतली पालक-शिक्षक सभा ना? त्यांना कसली स्पेशालिटी? वडापावचा स्टॉल?

मोरपीस
@कोरा, फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट हो. दोन वर्षांची असोसिएट डिग्री करतात, मग परीक्षा. पेशंट तपासून प्लॅन ठरवायचा तो पीटीने, म्हणजे फिजिकल थेरपिस्टने, त्यानुसार रोजचे उपचार बरेचदा हे लोक करतात.
घारताई, स्पेशालिटी कुठली? राज्य कुठलं? त्याशिवाय काय सांगणार?

दीडशहाणा
मुळात पीटीएला 'स्पेशालिस्ट' म्हणूच नका. बोर्डाचं स्पेशालिस्ट सर्टिफिकेट फक्त पीटीला मिळतं, पहिली बॅच १९८५ची. असिस्टंट लोकांसाठी एपीटीएची वेगळी वाट आहे, ॲडव्हान्स्ड प्रोफिशियन्सी पाथवेज. त्यात ऑर्थो, पीडियाट्रिक, जेरियाट्रिक, ऑन्कोलॉजी वगैरे क्षेत्रं आहेत, सोबत मेंटर लागतो. सहा आठवड्यांत उरकायची गोष्ट नाही ती. बॉसला सांगा.

निवांत_पाटी
डोळे मिटून एलएसव्हीटी बिग करवून घ्या. पार्किन्सनसाठी आहे, पीटीएंनाही सर्टिफिकेट मिळतं. आठवड्याला चार सेशन, असे चार आठवडे, प्रत्येक सेशन तासाभराचं. सगळं आखून दिलेलं असतं, त्यामुळे असिस्टंट चुकत नाही. आमच्या दोघींनी केलं, पेशंट खूश.

घाईतली_घार
पार्किन्सन नाही हो, लिम्फिडिमा, लसीका साचून येणारी सूज! लिहायचं राहिलं, सॉरी. ब्रेस्ट कॅन्सरच्या सर्जरीनंतरचे पेशंट एकदम वाढलेत. राज्याचा काय संबंध?

निवांत_पाटी
तरी बिग करून ठेवा. वाया जात नाही.

मोरपीस
राज्याचा संबंध आहे गं. पीटीएने काय करायचं, काय नाही, पीटी कुठे हजर पाहिजे, हे प्रत्येक राज्याच्या प्रॅक्टिस ॲक्टमध्ये वेगळं असतं. मेडिकेअरने (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) २०२५ पासून प्रायव्हेट प्रॅक्टिसमध्ये पीटी त्याच जागेत हजर असण्याची अट सैल केली, पण राज्याचा नियम कडक असेल तर तोच पाळावा लागतो.
आता कोर्स. सीएलटीचा, म्हणजे सर्टिफाइड लिम्फिडिमा थेरपिस्टचा, मान्य कोर्स १३५ तासांचा: ४५ थिअरी, ९० प्रत्यक्ष हाताने. पीटीए करू शकतात. पण तिघींनी नोकरी सांभाळून पाच आठवड्यांत? विसर.

दीडशहाणा
१३५ तास म्हणजे लायसन्स नव्हे. बँडेज बांधायला सर्टिफिकेट कशाला? यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. आणि बॉसचं गणित वेगळंच असणार. पीटीएने केलेल्या कामाला मेडिकेअर २०२२ पासून ८५ टक्केच देतं. स्वस्तातला माणूस लावायचा, वर ट्रेनिंगचा खर्चही नको.

मोरपीस
@दीडशहाणा, यूट्यूबवाल्याने बांधलेलं बँडेज मी सोडलंय, म्हणून बोलते. बाई घरून आली ती बोटांची टोकं जांभळी झालेली, कोपराच्या वळीत दोरीसारखा खोल वळ. शॉर्ट-स्ट्रेच (कमी ताणल्या जाणाऱ्या) बँडेजमध्ये दाब ओढून आणायचा नसतो. तो येतो थरांतून: बोटांकडे जास्त, दंडाकडे कमी. नवशिका हमखास वरच्या टोकाला घट्ट ओढतो, मग सूज हातात अडकते. आमच्या कोर्समध्ये एकमेकींना पूर्ण हात बांधून रात्रभर तसंच झोपायला लावलं होतं. रात्री दोन वाजता मी दातांनी क्लिपा काढत होते. त्यानंतर हात कधी जड पडला नाही.

कोरा_कागद
पण नुसतं चोळून सूज जाते का? आमच्याकडे आजी तेल लावायची.

मोरपीस
चोळायचं नसतंच. हात इतका हलका की फक्त कातडी ताणली जाते, स्नायूपर्यंत दाब गेला तर ते मसाज झालं. पण ते उपचाराच्या चार भागांपैकी एक. बाकी बँडेज, बँडेज बांधलेलं असतानाच व्यायाम आणि त्वचेची निगा.

सुईदोरा
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. सासूबाईंना हाताची कॉम्प्रेशन स्लीव्ह मेडिकेअरमधून मिळते का? फार्मसीवाला नाही म्हणतो.

मोरपीस
लिम्फिडिमाचं निदान असेल तर १ जानेवारी २०२४ पासून मिळते. दिवसा घालायचे सेट दर सहा महिन्यांना तीन. निदानासकट डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि फार्मसी नाही, मेडिकेअरचा सप्लायर शोधा. पुढचं माझ्या विपूत (विचारपुशीत) विचारा, हा धागा घारचा आहे.

हिशेबनीस
अवांतर: मुलाला पीटीए करू का थेट डीपीटी (पीटी व्हायची डॉक्टरेट)? डीपीटीचं तीन वर्षांचं कर्ज बघून पोटात गोळा येतो.

दीडशहाणा
पीटीए. मग ओहायोत फिंडली युनिव्हर्सिटीला पीटीएंसाठी डीपीटीचा ब्रिज प्रोग्राम आहे.

निवांत_पाटी
चुकीचा सल्ला. ब्रिजच्या जागा मोजक्या. थेट डीपीटीच करू दे.

मोरपीस
वेगळा धागा काढा रे! घार, तिघींची तयारी किती आहे? आणि तू स्वतः सीएलटी आहेस का?

घाईतली_घार
नाही. मी ऑर्थोवाली. दोघींनी बँडेजला हातही लावलेला नाही. तिसरीने आधीच्या नोकरीत तो १३५ तासांचा कोर्स केलाय, पण ती पीटीएच ना, ती कशी शिकवणार?

मोरपीस
अगं!! हे चौथ्या पानावर सांगतेस?

दीडशहाणा
पीटीए पीटीला शिकवणार? कागदोपत्री उलटंच दिसेल.

मोरपीस
हाताचं कसब शिकवायला काय अडचण? निर्णय पीटीचाच राहतो. इव्हॅल्युएशन, प्लॅन, मेडिकेअरचा दर दहा भेटींचा प्रोग्रेस रिपोर्ट, सगळं घारचं. म्हणून पहिला कोर्स घारनेच करायला हवा. स्वतःला येत नाही त्याचा प्लॅन कशाच्या जोरावर लिहिणार? तोवर लिम्फिडिमाचे पेशंट त्या तिसरीकडेच असू देत आणि प्लॅनसाठी जवळच्या एखाद्या सीएलटी पीटीला फोन करत जा.
उरलेल्या दोघींना आत्ता एवढंच येऊ दे: दर चार सेंटिमीटरला टेपने माप, तेही रोज त्याच खुणांवर, आणि टेप ओढायचा नाही. हात लाल, गरम झाला, ताप आला तर बँडेजला हात न लावता तुला हाक. पायाची सूज असेल आणि पोटरी दुखतेय किंवा दम लागतोय, तरी तसंच. ही पारख जमली की मग बांधायला शिकव.

घाईतली_घार
आज तिसरीला विचारलं. ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही." सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत रोज अर्धा तास ती आम्हा तिघींचे हात बांधणार आहे. आज पहिला प्रयोग माझ्यावर झाला, टाइप करायला डावा हातच उरलाय. बॉसला कोर्सच्या पैशांचं लिहिलंय. उत्तर आलं: "आधी सहा आठवडे होऊ दे."

दीडशहाणा
म्हटलं नव्हतं?

निवांत_पाटी
बॉसला बिगबद्दल विचारा. ते स्वस्त पडेल.