आबा नक्की किती वेळा जिंकले?

जत्रेतलापोरगा: सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, सलग अकरा वेळा आमदार, असं सगळीकडे वाचतो. खरंय का? आणि सभागृहात कोणत्या विधेयकावर त्यांनी कसं मत दिलं, हे कुठं मिळेल?

माणदेशी: अकरा वेळा बरोबर, सलग नाही. 1962 ला पहिला विजय, 1972 ला पराभव, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत. 1995 ला शहाजीबापू पाटलांनी 192 मतांनी पाडलं. आमच्या वाड्यावस्त्यांवर तो आकडा अजून पाठ आहे! 1999 ते 2014 पुन्हा चार वेळा. पक्ष कायम शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. 2019 ला उभेच राहिले नाहीत. नातू 768 मतांनी हरला. बापूंचं नशीब, दुसरं काय.

कारकुनी: मतांचं अवघड आहे हो. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं होतात, कुणाचं नाव लागत नाही. मतविभागणी, म्हणजे बाजूचे आणि विरोधातले आमदार मोजणं, झाली तरच नोंद. त्यापेक्षा कार्यवाहीतली भाषणं वाचा, पाणी आणि रोजगार हमीवरची.

जत्रेतलापोरगा: मग देशात विक्रम त्यांचाच ना?

माणदेशी: नाही दादा. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा.