सल्ला हवा: फ्लँडर्स ते रूबे, गाईडसोबतची सायकल सहल

पेडलपुणेकर
आम्ही चौघे, वयं ३८ ते ५२. २०० आणि ३०० किमीच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब राइड) वेळेत होतात. पुढच्या एप्रिलमध्ये बेल्जियम-फ्रान्समधल्या वसंतातल्या मोठ्या शर्यती बघायच्या आणि त्याच रस्त्यांवर सायकल चालवायची असा बेत आहे. टूर कंपन्यांची पत्रकं वाचून डोकं गरगरतंय. कुणी आठ दिवस म्हणतं, कुणी तीन आठवडे. प्रश्न तीन: कोणता आठवडा, कोणतं अंतर, आणि आमच्या २५ मिमी टायरच्या सायकली चालतील का?

घेंटवाला
शेवटच्याचं उत्तर आधी: २५ नको.

आता आठवडा. क्रम साधारण असा असतो: एका रविवारी टूर ऑफ फ्लँडर्स, पुढच्या रविवारी पॅरिस-रूबे, त्यापुढच्या रविवारी नेदरलँड्समधली आम्स्टेल गोल्ड, मग बुधवारी फ्लेश वॉलोन (‘उईची भिंत’ या चढावर संपणारी) आणि रविवारी लिएज-बास्तोन-लिएज. सगळं एका रजेत कोंबू नका. फ्लँडर्सच्या आधीच्या गुरुवारी पोहोचा आणि रूबे बघून सोमवारी निघा. मधल्या बुधवारी शेल्डेप्राइस ही सपाट रस्त्यांवरची शर्यतही बघता येते. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर चालवायचं नसेल, नुसते चढ हवे असतील, तर मात्र फ्लँडर्स सोडून सरळ लिएजचा आठवडा घ्या. तिकडे डांबर आहे आणि ला रेदूतसारखे दोन किलोमीटरचे ९ टक्क्यांचे चढ आहेत.

फ्लँडर्स आणि रूबे या दोन्ही शर्यतींच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, हौशी सायकलस्वारांसाठी त्याच रस्त्यांवर राइड असते. फ्लँडर्सच्या राइडमध्ये सर्वांत लांबचा मार्ग २०० किमीच्या वर जातो, पण प्रसिद्ध चढ औडेनार्डे गावाच्या आसपासच आहेत. त्यामुळे औडेनार्डेहून सुटून तिथेच संपणारा १४० च्या आसपासचा मार्ग घ्या. लांब मार्गाचे पहिले शंभर किलोमीटर म्हणजे सपाट शेतं आणि समोरचा वारा. बीआरएमवाल्यांना त्यात नवीन काय? रूबेला १४५ घ्या. त्यात आरेनबर्गच्या जंगलातला प्रसिद्ध दगडी रस्ता येतो, ७० मध्ये येत नाही.

कंपनीला पैसे भरण्याआधी हे लेखी विचारा:
– शनिवारच्या राइडचा प्रवेश पॅकेजमध्ये आहे की तुम्ही स्वतः काढायचा? जागा संपतात.
– एका गाईडमागे माणसं किती? आठच्या वर नको.
– गाडी मागून येते की ठरलेल्या ठिकाणी उभी असते? शनिवारी गर्दीत मागून येणं शक्यच नसतं, त्यामुळे "पूर्णवेळ सपोर्ट" असं लिहिलं असेल तर नीट खोदून विचारा.
– रविवारी शर्यत कुठून दाखवणार? फ्लँडर्सला उत्तर "औडे क्वारेमाँट" (दगडी चढ) यायला हवं. अलीकडच्या मार्गात पुरुषांची शर्यत तिथून तीनदा जाते आणि औडेनार्डेहून तुम्ही सायकलनेच पोहोचता. रूबेला दोन ठिकाणं पुरेत: आरेनबर्ग आणि नंतर शेवटाजवळचा कारफूर द लार्ब्र हा दगडी रस्ता. पाच ठिकाणांचं आश्वासन देणारा तुम्हाला दिवसभर हायवे दाखवेल.

मुक्काम औडेनार्डे किंवा कोर्ट्रैक. बहुतेक रात्री बेल्जियममध्ये असतील तर शेंगेन व्हिसा बेल्जियमकडे मागायचा, लिलमध्ये राहिलात तर फ्रान्सकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण त्यात सायकलिंग इव्हेंट वगळलेला नाही ना, ते कलम वाचून घ्या. स्वस्त पॉलिसीत बऱ्याचदा वगळलेला असतो.

पान्हा१३
टायरबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळं तिथेच बिनसतं.

फ्लँडर्सचे दगड त्यातल्या त्यात सारखे, पण चढावर. रूबेचे दगड शेतातल्या रस्त्यांचे, मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या आणि दगडांमध्ये बोट जाईल अशा फटी. हवा जास्त भरली तर चाक प्रत्येक दगडावर उडतं, वेग जातो, हात सुजतात. कमी भरली तर रिम दगडावर आपटते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून रुंद टायर: जास्त हवा मावते, मग दाब उतरवता येतो. सत्तर किलोच्या माणसाला ३२ मिमी ट्यूबलेस असेल तर ५० ते ५५ पीएसआय, २८ मिमी ट्यूबसकट असेल तर ७० ते ७५. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा तीन-चार कमी. पाऊस असेल तर अजून दोन-तीन उतरवा.

बाकी:
– बाटल्या. पहिल्या सेक्टरलाच (दगडी रस्त्याच्या टप्प्यालाच) रस्त्यावर बाटल्यांचा सडा दिसतो. धातूचा पिंजरा आत दाबून घट्ट करा. प्लॅस्टिकचा सैल असेल तर बदला.
– हँडलच्या वरच्या भागावर टेपचे दोन थर.
– सीटखालची पिशवी झिपची असेल तर ती उघडते आणि टायर काढायचे लिव्हर, ट्यूब सगळं सांडतं. पट्ट्याने आवळणारी घ्या.
– जीपीएसला दोरी बांधा.
– राइडनंतर त्याच संध्याकाळी स्टेम (हँडल धरणारा भाग), सीटपोस्ट, बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट आणि हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासा. ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवल्यावर टक्-टक् जाणवलं तर हेडसेट सैल झालाय.
– क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाचा पेडलमध्ये अडकणारा तुकडा. तीन बोल्टचे मोठे प्लॅस्टिक क्लीट ओल्या दगडावर साबणासारखे घसरतात, आणि उतरून चालायची वेळ येणारच. माउंटन बाइकचे दोन बोल्टवाले बूट-पेडल घेऊन जा.

वॅटवाली
गिअरचा हिशेब करून टाकते. फ्लँडर्सचे दोन खडे चढ घ्या. पाटरबर्ग ३६० मीटर, सरासरी १२.९ टक्के, सर्वांत तीव्र जागी २०. कोपेनबर्ग ६०० मीटर, ११.६, सर्वांत तीव्र २२. पुढे ३४, मागे ३२ दातांवर मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ८ किमी. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरलं तर २० टक्क्यांवर त्याला सुमारे ३५० वॅट लागतात. ३६-२८ असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना सव्वाचारशे. त्यामुळे ३४-३२ हे कमीत कमी, ३४-३४ असेल तर उत्तम.

चढावर उभं राहू नका. वजन पुढे गेलं की मागचं चाक ओल्या दगडावर जागच्या जागी फिरतं. सीटवर बसून, कोपर वाकवून, रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरून जा. कोपेनबर्गला पुढचा एक जण थांबला की मागचे पन्नास चालायला लागतात. अंतर ठेवा आणि चढाच्या आधीच गिअर हलका करा, दगडांवर जोर लावून बदलायला गेलात तर चेन पडते. रूबेच्या सपाट दगडांवर उलट: मोठी चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), जड गिअर, म्हणजे चेन ताणलेली राहते. बोटं हँडलवर नुसती टेकलेली. घट्ट धरलंत तर दहाव्या सेक्टरपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यात फोड येणार.

सरावासाठी सिंहगड पुन्हा पुन्हा करू नका, तो लांब घाट आहे. इथे लागते एक ते तीन मिनिटांची ताकद, तीही दहा-पंधरा वेळा. एखादा छोटा खडा चढ शोधा आणि आठवड्यातून दोनदा आठ-आठ वेळा मारा. खराब पेव्हर ब्लॉकचा रस्ता दिसला तर टाळू नका. तो पुण्यात शोधावा लागणार नाही.

आणि शाकाहारी असाल तर: बेल्जियममध्ये फ्राइज बऱ्याच ठिकाणी बैलाच्या चरबीत तळतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. "मीट नको" म्हटलं तर मासा येतो, म्हणून हॉटेलला दोन्ही नको असं आधीच कळवा. एनर्जी च्यूमध्ये (राइडमध्ये चघळायच्या गोळ्यांत) जिलेटिन असू शकतं.

पेडलपुणेकर
खूप आभार. मग २५ च्या सायकली इथून नेण्यात अर्थ नाही. भाड्याने घेतली तर काय बघायचं?

पान्हा१३
आपल्या फ्रेममध्ये २८ तरी मावतो का ते बघा. नसेल तर भाड्याचीच घ्या: ३२ मिमी टायर, डिस्क ब्रेक, ३४-३४ गिअर. पेडल आणि सीट घरून न्या. सीटची उंची (बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे फिरतात त्या आसाच्या मध्यापासून) आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर मोजून मिलिमीटरमध्ये आधी मेल करा. टायरमध्ये हवा भरायचे सीओटूचे कार्ट्रिज विमानतळावर काढून घेऊ शकतात, हातपंप न्या.

घेंटवाला
एक राहिलं. तिकडे पुढचा ब्रेक डाव्या लिव्हरला असतो. सवय उजव्याची असेल तर भाड्याची सायकल घेतानाच बदलून मागा, पण हायड्रॉलिक डिस्क असेल तर दुकानवाले बहुतेक नाही म्हणतात. मग शुक्रवारी औडेनार्डेभोवती तासभर चालवून हात बसवा, विशेषतः उतारांवर. वाहतुकीला खुल्या रस्त्यांवर, वेगळी पाटी नसेल तिथे, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा नियमही त्याच तासात अंगवळणी पाडा. छोट्या गल्लीतून येणारी मोटार तुमच्यासाठी थांबत नाही, आणि चूक तुमचीच असते.