आर्क्टिक मंकीज : गाजावाजा ओसरल्यावर आवडू लागलेला बँड

प्रश्न

जानेवारी २००६ मध्ये शेफील्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडचा पहिला अल्बम आला. ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच्या ३ लाख ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या आणि एनएमई या साप्ताहिकाने तर तो बाजारात येतो न येतो तोच सर्वकालीन श्रेष्ठ ब्रिटिश अल्बमच्या यादीत त्याला पाचवे स्थान देऊन टाकले. त्या घाईचा मला इतका राग आला, की दोन गाणी ऐकून मी तो बाजूला सारला. वेगवान गिटार आणि भरभर बोलल्यासारखे गाणे, एवढेच माझ्या कानी पडले.

गेल्या महिन्यात गाण्यांचे शब्द समोर ठेवून तो सलग ऐकला आणि शेवटच्या गाण्यापाशी खिळून राहिलो. अ‍ॅलेक्स टर्नर हा बँडचा गायक आणि गीतकार आधी गावातल्या टवाळ, भांडखोर पोरांचे चित्र काढतो आणि त्यात तुच्छता आहे. पण मग तो म्हणतो की त्या घोळक्यात माझे जुने मित्रही आहेत, ते कधी मर्यादा सोडतात, तरी त्यांच्यावर तसे रागावता येत नाही. त्यानंतर शब्द संपतात आणि बराच वेळ नुसती गिटार वाजत राहते. तेव्हा टर्नर जेमतेम विशीचा होता. हे मला पूर्वी ऐकू का आले नाही? आणि आता पुढे काय ऐकावे?

प्रतिसाद १

मी शेफील्डमध्ये दोन वर्षे शिकायला होतो. माझ्या मते अडसर उच्चारांचा आहे. टर्नर त्या अल्बमवर अमेरिकी वळण न घेता आपल्या गावच्या बोलीतच गातो. एका गाण्यात प्रेयसीला तो ‘मार्डी’ म्हणतो. आपल्याकडे फुरंगटलेली म्हणतात, अगदी तेच. आणखी एक उदाहरण देतो. तिथल्या टॅक्सीत मागच्या दाराशी लहानसा लाल दिवा असतो आणि तो लागला की दारे बंद झाली आहेत, अशी सूचना शेजारी लिहिलेली असते. त्या सूचनेचे वाक्यच या अल्बममधल्या एका गाण्याचे शीर्षक आहे. रात्री उशिरा मित्रांसोबत टॅक्सीत कोंबून बसल्यावर तो दिवा पाहिला, तेव्हा ते गाणे मला खऱ्या अर्थाने कळले.

प्रतिसाद २

शब्दांचे महत्त्व मान्य, परंतु केवळ शब्दांनी हा अल्बम उभा राहिला नसता. मॅट हेल्डर्सचे ड्रम्स लक्ष देऊन ऐका. पहिल्याच गाण्यात तो असा तुटून पडतो, की दोन्ही गिटारींना त्याच्या मागे धावावे लागते. आणि तुम्ही म्हणता त्या शेवटच्या गाण्यात, सुरुवातीच्या धडाक्यानंतर, तोच ताल मोकळा सोडतो म्हणून तर टर्नरचा सूर मवाळ होऊ शकतो.

गाजावाजाबद्दलही थोडे. त्याचे मूळ वृत्तपत्रांत नव्हते. बँडचा पहिला कार्यक्रम शेफील्डच्या एका पबमध्ये जून २००३ मध्ये झाला. पुढे कार्यक्रमांना येणाऱ्यांना ते आपल्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी फुकट वाटत आणि श्रोतेच ती गाणी इंटरनेटवर एकमेकांना देत. डॉमिनो या स्वतंत्र कंपनीशी करार २००५ मध्ये झाला, तोवर लोकांना गाणी पाठ होती. साप्ताहिकाची घाई मलाही पटत नाही, पण तिचा राग या मुलांवर काढणे अन्यायाचे आहे.

पुढे २००७ चा दुसरा अल्बम घ्या. त्याच्या शेवटच्या गाण्यात वेग बाजूला ठेवून त्यांनी विरह गायला आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ड्रम्सबद्दल वाचून शेवटचे गाणे पुन्हा लावले आणि ताल मोकळा होतो ती जागा या वेळी स्पष्ट ऐकू आली. दुसरा अल्बम आज रात्री ऐकतो, अर्थात शब्द समोर ठेवूनच.