डेंग्यू आणि घरातलं बॅरल
गटारींवर फवारणी वाढवली की सोलापुरातला डेंग्यू आटोक्यात येईल, असं काही जण म्हणतात. त्याने रात्रीचे डास कमी होतील, पण डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे बॅरल आणि हौद भरून ठेवावेच लागतात. उकाड्यात अंड्याचा डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात.

बॅरल नुसतं उपडं करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या कडेला काळ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात. कोरडी राहूनही ती काही महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा कड काथ्याने खसाखसा घासा, ते पाणी मातीत ओता, मगच भरा. झाकण नसेल तर जुनं धोतर ताणून दोरीने आवळा. सैल राहिलं तर त्या खोलगट भागातच पाणी साचतं. हौद उपसता येत नसेल तर डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. फ्रिजमागचा पाणी साचणारा ट्रे तर हमखास विसरला जातो!

ताप आल्यास पहिल्या ५ दिवसांत एनएस१ (डेंग्यू विषाणूचं प्रथिन शोधणारी), नंतर आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी) रक्ततपासणी. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास खरे धोक्याचे. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काही दिसलं तर प्लेटलेटचा आकडा बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.