दहावीचा निकाल फुगलाय, पण पोरांना येतं किती? तुमचे अनुभव (धागा)

आबोली: म्हापशाला जाताना एका शाळेच्या फाटकावर फ्लेक्स दिसला, 'दहावीचा निकाल १००%'. आमच्या वेळी पेपरात नंबर दिसला नाही की घरात सुतक पडायचं. आता गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल २०२३ला ९६.६४ टक्के, २०२४ला ९२.३८. आनंदच आहे, पण आमचा डिस्टिंक्शनवाला भाचा साडेसात किलो काजूबियांचे पैसे काढायला मोबाईल शोधत होता. तुमच्याकडे काय चित्र?

मास्तर_डिचोली: चाळणी नववीतच लागते. कच्च्या पोराच्या आईला बोलावून 'ओपन स्कूलमधून बसवा' म्हणतात. ते पोर शाळेच्या टक्केवारीत येतच नाही. मग शंभर टक्के होणार नाही तर काय! शाळेचं नाव विचारू नका, पोट आहे.

सुरंगी: २०२१ विसरलात? कोविडमुळे परीक्षाच नाही, अंतर्गत गुणांवर निकाल. लेक त्याच बॅचची. अकरावीत फिजिक्सच्या पहिल्या टेस्टला २० पैकी ३. ती मजेत, रडले मी.

कबड्डीचा_बाप: आमचा खेळाच्या गुणांवर सुटला, गणितात थोडक्यात राहत होता. हसा खुशाल. पकड बघाल तर गप्प बसाल.

सुरंगी: हसत नाही ओ, अभिनंदन! पेढे कुठायत?

साखळीकर: शिक्षणहक्क कायदा २००९चा, आठवीपर्यंत नापास करायचं नाही. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. पण नापास करून तरी काय? माझा भाऊ आठवीत राहिला तो परत शाळेत गेलाच नाही, थेट ट्रॉलरवर. वर्ष वाया घालवण्यापेक्षा वेळेवर कोणी अपूर्णांक शिकवले असते तर...

वेर्णा_शिफ्ट: आमच्याकडे मुलाखतीला ग्रॅज्युएट येतात, फर्स्ट क्लास. रजेचा अर्ज लिही म्हटलं, मराठी, इंग्रजी कुठल्याही भाषेत, तर 'सर, व्हॉट्सअ‍ॅप केला तर चालेल?' पोरगा मशीनवर मात्र हुशार निघाला, घेतला. गुणपत्रिकेवरून दोन्ही कळलं नव्हतं.

काकी_फोंडा: भात लावलाय, घाईत लिहिते. यंदा काजूबियांना दर काय मिळाला गे आबोली?

आबोली: विचारू नकोस. बागेत चारच झाडं, त्यात माकडं.

पर्वरीची_आई: मास्तर, माझा नववीत आहे, आता पोटात गोळा आलाय. गणिताची शिकवणी घेता?

मास्तर_डिचोली: शिकवणी नाही घेत, बाय. आधी बघा, नुसता भागाकार दिला तर येतो का. तो आला आणि शाब्दिक उदाहरणात अडला, तर घोळ वाचनाचा आहे. रोज पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचून घ्या आणि काय कळलं ते विचारा.