माइनक्राफ्टचा सर्व्हर घरीच ठेवावा की भाड्याने घ्यावा?

तारयंत्र:
पाच-आठ मित्रांच्या माइनक्राफ्टसाठी दरमहा भाडं भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर उबुंटू सर्व्हर टाका, १.२१ मालिकेसाठी जावा २१ आणि पेपर (माइनक्राफ्टचं सर्व्हर सॉफ्टवेअर) बसवा. जावाला ४ जीबी द्या, बाकीची सिस्टिमला राहू द्या. खेळाचं मुख्य चक्र एकाच कोअरवर फिरतं. सेकंदाला २० टिक (खेळाची एकेक पायरी), म्हणजे एका टिकला फक्त ५० मिलिसेकंद. म्हणून कोअर किती आहेत यापेक्षा एका कोअरचा वेग पाहा.

लॅपटॉप वायफायवर नको, लॅन केबलने राउटरला जोडा. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (आयपी पत्ते वाटणारी सोय) त्याच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) एक आयपी राखून ठेवा. नाहीतर कधीतरी वीज जाऊन आल्यावर आयपी बदलतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणं) भलत्याच यंत्राकडे जातं. मग टीसीपी पोर्ट २५५६५ फॉरवर्ड करा. मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीचा सर्व्हर असेल तर यूडीपी १९१३२. लॅपटॉप सरासरी २० वॅट खातो असं धरलं, तरी महिन्याला १४-१५ युनिटं होतात.

रानवाटा:
असहमत. ‘पोर्ट फॉरवर्ड करा’ म्हणणं सोपं आहे, पण आधी पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) तरी मिळालाय का? राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा आणि ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ शोधून येणारा आकडा बघा. दोन्ही जुळत नसतील आणि वॅनवर १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता दिसत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. तिथे राउटरमध्ये कितीही नियम लिहा, बाहेरून आलेली जोडणी तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीसाठी ब्रॉडबँडवाल्याला वेगळे पैसे मोजायचे, तर ‘फुकट सर्व्हर’ हा मुद्दाच निकालात निघतो.

वॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर गोष्ट वेगळी. तेव्हा ओएनटी (फायबरचं मोडेम) आणि तुमचा राउटर दोघंही नॅट (आतल्या-बाहेरच्या पत्त्यांची अदलाबदल) करत असतात. ओएनटी ब्रिज मोडमध्ये (नॅट न करता नुसतं पुढे पाठवणं) टाकून घ्या.

कोकणकडा:
माझा आक्षेप सुरक्षेवर आहे. डिसेंबर २०२१ मधलं लॉग४शेल (जावाच्या लॉग४जे लायब्ररीतलं भगदाड) आठवा. चॅटमध्ये एक ओळ टाइप करून समोरच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता, दुरुस्ती माइनक्राफ्ट १.१८.१ मध्ये आली. असा सर्व्हर घरच्या कॅमेऱ्यांच्या आणि कामाच्या लॅपटॉपच्या शेजारी, एकाच नेटवर्कवर बसवायचा? व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) फुटला तर तो पुसून नव्याने उभा करता येतो, घरचं नेटवर्क तसं पुसता येत नाही.

तारयंत्र:
@कोकणकडा, धोका खरा आहे, पण त्याला उपाय आहे. सर्व्हर बाहेरच्या राउटरला जोडा आणि घरातली बाकी सगळी उपकरणं त्यामागच्या दुसऱ्या राउटरवर घ्या. दुसऱ्या राउटरच्या नॅटमुळे सर्व्हरवरून आतल्या यंत्रांशी जोडणी सुरू करता येत नाही. राउटरमध्ये व्हीलॅनची (एका नेटवर्कचे वेगळे भाग पाडण्याची) सोय असेल तर ती अधिक चांगली. व्हाइटलिस्ट (ठरलेल्या खेळाडूंनाच प्रवेश) चालू, ऑनलाइन-मोड (खातं खरं आहे का ते तपासणं) चालू, जावा स्वतंत्र साध्या युजरखाली, रूटखाली (सर्वाधिकारी युजर) कधीच नाही. आरकॉनचा (दुरून सर्व्हरला आज्ञा देण्याची सोय) पोर्ट २५५७५ चुकूनही फॉरवर्ड करू नका, त्याचा पासवर्ड उघडा जातो.

@रानवाटा, सीजीनॅट असलं तरी आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर मार्ग आहे. तिथे फॉरवर्डिंग नसतं, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्याला पोर्ट उघडावं लागतं. मात्र मित्रांकडेही आयपीव्ही६ हवं. त्यांना सर्व्हरचा स्थिर पत्ता द्या, कारण तात्पुरता पत्ता ठरावीक काळाने बदलतो.

रानवाटा:
एका मित्राकडे आयपीव्ही६ नसलं की तो बाहेरच. त्यापेक्षा मुंबईतला लहानात लहान व्हीपीएस घ्या आणि घरून त्याच्याशी वायरगार्डने (एक व्हीपीएन) बोगदा बांधा. जोडणी घरून सुरू होते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं पाकीट) २५ सेकंद ठेवा. पीपीपीओई (लॉगिनने जोडणारं ब्रॉडबँड) असेल तर बोगद्याचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४१२ करा. तो चुकला की खेळाडू ‘लोडिंग टेरेन’वरच अडकतो, कारण मोठी पाकिटं वाटेत गळतात. शिवाय व्हीपीएसवर मास्करेड (येणाऱ्यांचा पत्ता स्वतःच्या पत्त्याने झाकणं) केलं तर सगळे खेळाडू एकाच आयपीवरून आलेले दिसतात आणि एकाला आयपी-बॅन केलं की सगळेच बाहेर. त्यासाठी एचएप्रॉक्सी (जोडण्या पुढे पाठवणारा प्रोग्राम) लावून पेपरमध्ये प्रॉक्सी प्रोटोकॉल (खेळाडूचा खरा आयपी पुढे कळवणारी पद्धत) चालू करा.

कोकणकडा:
इतका खटाटोप करायचा तर सर्व्हरच व्हीपीएसवर का नको?

तारयंत्र:
स्वस्त व्हीपीएसचा सीपीयू वाटलेला असतो. तिथे टॉप कमांड चालवून ‘एसटी’चा आकडा बघा. तो सतत वर असेल तर तुमच्या वाट्याचा वेळ दुसरं कुणी खातंय. ५० मिलिसेकंदांच्या खेळात ते लगेच जाणवतं, जनावरं जागच्या जागी उड्या मारतात. बोगद्याला मात्र एवढी ताकद लागत नाही. सगळ्यात लहान व्हीपीएस त्याला पुरतो.

शून्य_एक:
दोन्ही बाजूंनी अपलोडचा विषय सोडलाय. खेळाडूमागे १ एमबीपीएस धरलं तरी आठ जणांना ८ पुरतात. पण घरात कुणी फोटोंचा बॅकअप सुरू केला की अपलोड भरतं आणि सगळ्यांचा पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) चढतो. ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर) केक (पाकिटांची रांग सांभाळणारी सोय) लावून अपलोड ९० टक्क्यांवर बांधा. आणि ओएनटी व राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस द्या. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण ओएनटी बंद पडला की सगळे एकदम बाहेर फेकले जातात.

घरातलाच खेळाडू पब्लिक आयपी टाकून ‘जोडत नाही’ म्हणत असेल, तर सर्व्हर बिघडलेला नाही. बऱ्याच राउटरना नॅट लूपबॅक (आतून स्वतःच्याच पब्लिक आयपीवर जाणं) जमत नाही. त्याने १९२.१६८ वाला आतला पत्ता वापरावा.